फाटकाबाहेरची पंगत

श्रीकांतरावांनी कोथिंबीर वड्यांचा पहिला घाणा तेलात सोडला आणि बाहेरच्या खोलीत ईराचा फोन केकाटायला लागला. ही नेहमीची रिंग नव्हती. कंपनीत काहीतरी पेटलं की वाजायची ती रिंग होती.

"बाबा, गॅस बारीक करा, काहीतरी जळतंय वाटतं!" ईरा ओरडली.

"इथं काही जळत नाही. तुझ्याकडं बघ."

जळत होतं ते तिच्याकडंच.

रविवार होता आणि रविकिरणचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला येणार होते. रविकिरण आणि ईरा यांचं आपसात ठरून वर्ष होत आलं होतं. घरच्यांचं ठरायचं होतं ते आज. त्यासाठी श्रीकांतराव इचलकरंजीहून दोन दिवस आधीच महादेवपुऱ्यातल्या ह्या फ्लॅटवर येऊन दाखल झाले होते. येताना वांगी, घरचा मसाला आणि कढई घेऊन आले.

"बेंगळुरात कढया मिळतात, बाबा."

"मिळत असतील. माझा हात ह्या कढईला ओळखतो."

बायको गेल्यानंतर ते स्वयंपाक शिकले. मुलगी रोज फोनवर 'काय जेवलात?' म्हणून विचारायची आणि तिला खोटं सांगणं जमेना, म्हणून शिकले. त्याआधीचं सगळं आयुष्य यंत्रमागांच्या कारखान्यात मेंटेनन्स बघण्यात गेलं होतं.

मुलीचं काम मात्र त्यांना नीट कळलेलं नव्हतं. ईराच्या कंपनीचं ॲप शहरातल्या पुष्कळ सोसायट्यांच्या फाटकांवर चालायचं. पाहुणा आला की वॉचमन त्याचं नाव ॲपमध्ये घालणार, घरच्यांच्या फोनवर विचारणा जाणार, त्यांनी हो म्हटलं की फाटक उघडणार. हे ॲप आतून शेकडो लहान तुकड्यांत विभागलेलं होतं. त्या तुकड्यांना कंटेनर म्हणायचे, आणि ज्या यंत्रांच्या समूहावर ते चालायचे त्याला क्लस्टर. क्लस्टरमध्ये दिवसभर जुने कंटेनर जात, नवे येत. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं याचे नियम ईरा लिहायची. त्या नियमांना पॉलिसी म्हणत. श्रीकांतरावांनी गल्लीत 'मुलगी पॉलिसीच्या लाइनीत आहे' एवढंच सांगून ठेवलं होतं, आणि शेजारच्या दोघातिघांनी हप्ता किती बसेल म्हणून चौकशीही केली होती.

शुक्रवारी संध्याकाळी ईराने एक नवी पॉलिसी लावली होती. प्रत्येक कंटेनरवर तो कुठल्या टीमचा आहे याचं लेबल हवं. लेबल नसेल त्याला आत प्रवेश नाही. नियम चांगला होता. गेले काही आठवडे तो नुसताच 'नोंद करा, अडवू नका' असा चालू होता. आता सरावाच्या क्लस्टरवर तो 'अडवा' करून बघायचा होता. सरावाचं क्लस्टर आणि खरं क्लस्टर यांच्या खिडक्या पडद्यावर अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसायच्या. त्यात त्या क्षणी श्रीकांतरावांचा फोन आला होता, "बस सिल्क बोर्डला पोचली, आता उतरू का पुढं जाऊ?" ईराने त्यांना उत्तर दिलं आणि बटण दाबलं. दुसऱ्या बहिणीच्या खिडकीत.

तेव्हा काहीच झालं नाही, कारण पॉलिसी फक्त आत येणाऱ्याला अडवते. जे आधीच आत आहेत त्यांना ती हात लावत नाही. पण रविवारी सकाळी देखभालीसाठी क्लस्टरची यंत्रं बदलली जातात. जुने कंटेनर बंद झाले, नवे दाराशी आले. फाटक उघडण्याचा जो मुख्य भाग होता तो फार जुना. तो लिहिणारी टीम केव्हाच पांगली होती, त्यामुळे त्याच्यावर कुणाचंच लेबल नव्हतं. पॉलिसीने त्याला दारातूनच परत लावलं.

शहरभरची फाटकं मिटली.

"गेलं," ईरा पडद्याकडे बघत म्हणाली. "बाबा, माझ्यामुळे सगळ्यांची गेटं बंद झाली."

"मग उघड की."

"उघडते. पण पॉलिसी काढायला दोन माणसांची संमती लागते. एक मी, दुसरे आमचे साहेब, बिंदुमाधव सर."

"असला नियम कुणी केला?"

ईराने सरांचा नंबर लावला. तो नियमही तिनेच सुचवलेला होता, आणि ऑफिसात त्याबद्दल टाळ्या वाजल्या होत्या.

तेवढ्यात रविकिरणचा फोन आला. "ईरा, आलो आम्ही. आईअण्णांना गेटपाशी उतरवलंय. वॉचमन म्हणतो ॲप येत नाही. मी गाडी लावायला जागा बघतो, तू काहीतरी कर."

"मी आणतो त्यांना," श्रीकांतराव पंच्याला हात पुसत म्हणाले. "समोर माणूस दिसला की सोडतात. तू तुझं बघ. वड्या तेवढ्या काढ."

ते होते तसेच खाली गेले. अंगात जुना लेंगा, बाह्यांचा बनियन, वर ईराचा फुलाफुलांचा ॲप्रन. चष्मा ओट्यावर, फोन फ्रीजवर. माणसांसाठीच्या लहान फाटकाला आतून एक बटण होतं. त्यांनी ते दाबलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि मागे फाटक टक करून लागलं.

वॉचमन श्रीहरी हा कोलारकडचा शांत माणूस. तो अगदी अजिजीने म्हणाला, "आप बरत इल्ला, सार." ॲप येत नाही. आधीच्या वॉचमनने कुणा ओळखीच्याला ॲपशिवाय आत सोडलं म्हणून असोसिएशनने त्याला काढलं होतं, आणि त्याच जागेवर हा लागला होता. त्याला भरीला घालण्यात अर्थ नव्हता.

रस्त्यात एक पाण्याचा टँकर आडवा थांबला होता. त्यालाही आत जायचं होतं. त्याच्या मागे सामान पोचवणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली. पलीकडे करंजाच्या झाडाखाली शहाळ्यांच्या गाड्याशी रेशमी साडीतल्या एक बाई उभ्या होत्या. शेजारी पांढऱ्या कडक शर्टातले गृहस्थ शहाळंवाल्याला कोयता कसा धरावा ते कन्नडमध्ये समजावत होते. श्रीकांतराव डोळे बारीक करून जवळ गेले.

बाईंनी ॲप्रन पाहिला. "तुम्ही त्या ईराच्या घरचे की हो?"

"हो."

"स्वयंपाकाचे?"

श्रीकांतरावांनी खाली आपल्या पोटावरच्या फुलांकडे पाहिलं. "हो, स्वयंपाक मीच केलाय."

"अय्यो, मग तुम्हालाच सांगते. फार काही करू नका. आम्ही स्वल्प बसून निघणार." रविकिरणच्या आईंनी, वसुमतीबाईंनी, आवाज खाली आणला. "कुणाला तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही बघा. आज आम्ही नाही म्हणून सांगायला आलोय."

श्रीकांतरावांच्या हातातला पंचा जागच्या जागी थांबला. "का हो? मुलगी बरी नाही?"

"मुलगी म्हणजे सोनं! पण तिचे वडील एकटे आहेत म्हणे. लग्नानंतर त्यांना आपल्याजवळच ठेवायचं म्हणून तिची अट. आमचा रवी हो म्हणून बसलाय. आता ह्यांना बघा की." त्यांनी नवऱ्याकडे हनुवटी केली. जयतीर्थांनी आता कोयता स्वतःच्या हातात घेतला होता. "ह्यांचं जन्मात कुणाशी पटलं नाही. सख्खा भाऊ राहायला आला तरी तिसऱ्या दिवशी बस धरतो. त्या परक्या माणसाचे हाल होतील की नाही? पोरीला कसं सांगायचं म्हणून रात्रभर झोप नाही मला."

"अट," श्रीकांतराव म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "असं म्हणाली ती?"

"म्हणाली तर. वडील कसे आहेत हो, माणूस म्हणून?"

"घोरतात," श्रीकांतराव म्हणाले. मग पंचा खांद्यावर टाकून, "पण ते येणार नाहीत. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. त्यांचं मी बघतो."

एवढ्यात रविकिरण धापा टाकत आला. गाडी त्याने दोन गल्ल्या सोडून लावली होती. "काका! तुम्ही बाहेर कसे?" म्हणत तो वाकला आणि त्याने श्रीकांतरावांच्या पायांना हात लावला.

"कोण काका?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"आई, हे ईराचे बाबा."

वसुमतीबाईंनी पदराने तोंड झाकलं.

"तिला आत्ता काही बोलू नका," श्रीकांतराव हळूच म्हणाले. "तिच्या डोक्यावर आधीच शहर बसलंय. ते उतरू दे. आणि जेवल्याशिवाय जाऊ नका. नाही म्हणायला उपाशीपोटी कशाला?"

जायचं म्हटलं असतं तरी गाडी इथवर आणता आली नसती. टँकरच्या मागे आता आणखी एक टँकर आला होता.

ईरा लॅपटॉप छातीशी धरून खाली आली आणि फाटकाच्या आतल्या बाजूला, श्रीहरीच्या खुर्चीवर बसली. ती आत, बाकी सगळे बाहेर, मधे गज. आतलं बटण दाबून त्यांना घेतलं असतं, तर श्रीहरीची नोकरी गेली असती. "काकू, सॉरी. अण्णा, सॉरी. बाबा, तुम्ही कशाला बाहेर गेलात?"

"त्यांना आणायला."

"वड्या जळाल्या. गॅस बंद केलाय." गॅस बंद करणं हे ईराला स्वयंपाकातलं उत्तम जमणारं काम होतं.

बिंदुमाधव सरांचा फोन एकदाचा लागला. लॅपटॉपवर दोन्ही हात असल्यामुळे ईराने तो स्पीकरवर टाकला.

"सर, माझ्या पॉलिसीने सगळं अडवलंय. तुमची एक संमती द्या, लगेच काढते."

"ईरा, माझा लॅपटॉप घरात आहे."

"आणि तुम्ही?"

"घराच्या फाटकाबाहेर. कोथिंबीर आणायला आलो होतो. आमच्याकडे रहिवाशांनाही ॲपवरूनच सोडतात."

"वॉचमन ओळखत नाही तुम्हाला?"

पलीकडे लांब श्वास ऐकू आला. "ओळखतो ना. मी असोसिएशनचा सेक्रेटरी आहे. गेल्या मीटिंगमध्ये मीच सांगितलं होतं, मी स्वतः आलो तरी ॲपशिवाय सोडायचं नाही. तो मला सॅल्यूट मारतोय, पण सोडत नाही."

"मग वहिनींना लॅपटॉप खाली आणायला सांगा ना."

"सांगितलं. दिव्यश्री म्हणाली, आणते, पण अर्ध्या तासाने. घरात फार शांत वाटतंय म्हणे."

जयतीर्थ कोयता परत देऊन गजांपाशी आले. सरकारी कारखान्यात रडारचे भाग तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती, आणि तपासणीची नजर निवृत्त झालेली नव्हती. "काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

ईराने सोप्या शब्दांत सांगितलं.

"नियम कुणी लिहिला?"

'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य ईराच्या जिभेवर तयार होतं. सगळं शहर आज तेच ऐकत होतं. "मी," ती म्हणाली.

"नियम चुकलाय?"

"नियम बरोबर आहे. मी चुकीच्या जागी लावला."

जयतीर्थांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "आमच्या डिपार्टमेंटात माझ्या सगळ्या सर्व्हिसमध्ये असं कोणी म्हटलं नाही," ते म्हणाले आणि परत झाडाखाली गेले. ते कौतुक होतं की तक्रार, ईराला समजेना.

मग ईराने दोन खेपा करून सगळं जेवण खाली आणलं. डबे गजांमधून आडवे करून गेले, कढई गेली नाही, म्हणून वांगी वाडग्यांतून गेली. श्रीहरीने आतून एक जुनी सतरंजी काढून दिली. शहाळंवाल्याने गाड्याची सावली दिली. मसालेभात, भरली वांगी, मठ्ठा, वाचलेल्या वड्या. श्रीकांतराव वाढत होते, आणि टँकरचा ड्रायव्हर नको नको म्हणत पानावर बसला होता.

जयतीर्थांनी पहिला घास घेतला. "मीठ स्वल्प कमी आहे."

वसुमतीबाईंनी डोळे मिटले. आजवर ज्या ज्या घरी हे वाक्य उच्चारलं गेलं होतं, त्या त्या घरी पुढचं जेवण मुक्याने झालं होतं.

"कमी नाही," श्रीकांतराव म्हणाले. "तुम्ही वांगं न घेता भात खाताय. दोन्ही मिळून मीठ घातलंय. एकत्र खाऊन बघा."

जयतीर्थांनी एकत्र खाल्लं. चावत राहिले. "सरी," ते शेवटी म्हणाले.

वसुमतीबाईंचा घास हातातच राहिला. लग्नापासून हा 'बरोबर आहे' अशा अर्थाचा शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून फक्त फोनवर साहेबांना उद्देशून ऐकला होता.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा श्रीकांतराव मान वाकडी करून कान देऊ लागले. "पाणी गळतंय."

"मघापासून," जयतीर्थ म्हणाले. "टँकरचा मागचा व्हॉल्व्ह. मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणतो सगळ्यांचेच गळतात."

"सगळ्यांचे गळतात म्हणजे काय? वॉशर गेलाय."

"वॉशर नाही. पेचाचा आटा झिजलाय."

"आटा झिजला असता तर धार सरळ आली असती. ही पसरते बघा."

दोघे हात न धुताच उठले. ईराने फाटकाआडून पाहिलं तर आपले बाबा आणि होणारे सासरे टँकरच्या मागे उकिडवे बसून एकमेकांच्या अंगावर बोटं नाचवत होते.

"काकू, ते भांडतायत."

"भांडण असतं तर हे एव्हाना गाडीत जाऊन बसले असते," वसुमतीबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. "रिटायर झाल्यापासून एवढं बोलले नव्हते गं."

मग त्यांचं लक्ष ईराकडे गेलं. पोरगी सकाळपासून तशीच बसली होती. एका हाताने टाइप करत होती, दुसऱ्या हाताने शंभर लोकांना 'करतोय, करतोय' असं कळवत होती. वसुमतीबाईंनी भातात वांगं कालवलं, गजांमधून हात आत घातला आणि म्हणाल्या, "आ कर."

"अहो काकू, मी नंतर—"

"आ कर म्हणते."

ईराने तोंड उघडलं. दुसऱ्या घासाला तिला ठसका लागला, तो तिखटाचा नव्हता. वसुमतीबाईंनी गजांमधूनच तिच्या पाठीवर हात फिरवला. हात पुरता पोचत नव्हता, खांद्यापर्यंतच पोचत होता, तेवढाच फिरवला.

"आई," रविकिरण हळूच म्हणाला, "मग आपलं ते..."

"गप. जेव."

टँकरमागून श्रीकांतरावांनी ॲप्रनची नाडी ओढून काढली, तिचे पीळ घालून व्हॉल्व्हच्या आट्यावर गच्च गुंडाळले, आणि जयतीर्थांनी ड्रायव्हरकडचा पाना घेऊन वर आवळलं. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. दोघांनी बराच वेळ त्या कोरड्या व्हॉल्व्हकडे पाहिलं.

"वॉशरच होता," श्रीकांतराव म्हणाले.

"आटाही झिजलाय."

"आटाही झिजलाय," श्रीकांतरावांनी मान्य केलं.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला दिव्यश्री लॅपटॉप घेऊन खाली उतरली. बिंदुमाधव सरांनी तो फाटकावरून घेतला, कट्ट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुडीशेजारी उघडला आणि संमती दिली. ईराने पॉलिसी काढली. अडलेले कंटेनर एकामागून एक आत शिरले. लॅपटॉपवरचे लाल ठिपके हिरवे झाले, श्रीहरीच्या हातातला फोन टुणकन वाजला, आणि मोठं फाटक कुणी न सांगता सावकाश उघडलं. टँकरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत, दोघा म्हाताऱ्यांना हात करत आत गेला.

ईरा धावत बाहेर आली. "चला, वर चला. कॉफी टाकते. मला येते, खरंच येते."

"नंतर," जयतीर्थ म्हणाले. "आमच्या चामराजपेटच्या घरी माडीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह वर्षभर गळतोय. प्लंबर लोकांना अक्कल नाही. दुपारी पाणी सुटायच्या आत तो खोलायला पाहिजे. हे येतायत माझ्याबरोबर. रवी, गाडी आण."

ईराने बाबांकडे पाहिलं. बाबांचे हात ग्रीसने काळे झाले होते आणि चेहरा कारखान्यातून घरी यायचे तेव्हा असायचा तसा झाला होता. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"अट घातलीस म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फाटकाबाहेर बरंच काही कळतं."

"मी आधी विचारायला हवं होतं, बाबा. तुम्ही नाही म्हणाला असता म्हणून..."

"म्हणालो असतोच." ते नखातलं ग्रीस काढत राहिले. "आता बघून येतो. एकच व्हॉल्व्ह असेल तर संध्याकाळी परत."

"आणि जास्त असतील तर?"

"ते म्हणतात अख्खी लाइनच जुनी आहे," श्रीकांतराव म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना.

ईरा वर पळाली. चष्मा, फोन, रक्तदाबाच्या गोळ्या, स्वेटर, एक इस्त्रीचा शर्ट, सगळं एका पिशवीत कोंबून खाली आली. जयतीर्थांनी स्वतः पुढचं दार उघडून श्रीकांतरावांना बसवलं होतं आणि आपण मागे बसून पुढे वाकून बोलत होते. रविकिरणने गाडी सुरू केली.

"बाबा, गोळी जेवणानंतर घ्यायची. रात्री खिडकी बंद करा, इथे थंडी पडते. आणि पोचल्यावर फोन करा."

बाबांनी पिशवी मांडीवर घेतली, पण त्यांचं लक्ष मागच्या बोलण्यात होतं. वसुमतीबाईंनी काच खाली केली. फाटकाशी उभ्या असलेल्या ईराचे हात आपोआप जोडले गेले होते आणि डोळे भरून आले होते.

"रडू नको गं," वसुमतीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे त्यांना काही कमी पडणार नाही. नीट सांभाळू आम्ही."